आधी विचारावं, मग हात धरावा

बाबू,

दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी तू लिहायला घेतोयस, ती आपल्या अकोटात सुरू होते आणि बीडीएसएम, म्हणजे संमतीनं बांधण्याचा, सूत्रं सोपवण्याचा आणि वेदनेचा खेळ, जगणाऱ्या माणसांमध्ये जाऊन पोचते, हे कळल्यापासून मी खूश आहे. माझी सत्तरी आली. मी स्वतः पुरुषावर प्रेम केलेला माणूस आहे. ऐन विशीत अशी एक मराठी कादंबरी हाती पडली असती, तर माझी कितीतरी वर्षं हलकी गेली असती. म्हणून जुन्या संपादकांनी मला जे शिकवलं, वाचनातून जे मिळालं आणि या वाटेनं जगणाऱ्या मित्रांनी जे सांगितलं, ते तुझ्या ओंजळीत टाकतो. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून ठेवतो. या कादंबरीत प्रेम दिसेल ते विचारण्यात आणि ऐकण्यात. दोर, पट्टा, काळं चामडं हे सगळं त्याच्या मागून येईल.

आपल्या आधी कोण लिहून गेलं, ते वाचून घे

हा विषय मराठीला परका आहे असं कोणी म्हटलं तर घाबरू नको. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत ते चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. त्यापायी खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला, पण प्रश्नोत्तरं थांबली नाहीत. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ मध्ये आली. जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये ती इंग्रजीत नेली आणि २०२२ मध्ये कुंडलकरांनीच तिचा चित्रपट केला. पुण्यात समपथिक ट्रस्ट उभा करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' वाच. समलिंगी तरुणाचं घर, भीती आणि एकटेपण त्यात साध्या भाषेत आहे. ही पुस्तकं वाचलीस की काय सांगून झालंय ते कळेल, आणि तुझं काम कुठून पुढे सुरू होतं तेही कळेल.

कादंबरीचं साल पक्कं कर

अशा गोष्टीत साल हे निम्मं कथानक असतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ ला सैल केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा आवळलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांवरून ते कायमचं उचललं. तुझे नायक २०१२ मध्ये भेटले, तर दीडेक वर्षात ते पुन्हा कायद्यानं गुन्हेगार ठरतात. २०१९ मध्ये भेटले, तर पोलिसांपेक्षा घरच्यांची भीती मोठी. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरची गोष्ट असेल, तर अशा लग्नाला कायद्याची मान्यता मिळालेली नाही हे दोघांनाही ठाऊक असणार.

गावाच्या तपशिलालाही सालाचा नियम लागतो. अकोला-अकोट मीटरगेज २०१७ मध्ये बंद झाली आणि ब्रॉडगेजची गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात धावली. मधल्या वर्षांत तुझा नायक अकोल्याला जायला निघाला, तर त्याला एसटीतच बसव.

त्या जगाची रीत नीट शिकून घे

बीडीएसएम म्हणजे मारहाण, असं समजून लिहिणाऱ्याची कादंबरी पहिल्या वीस पानांतच कळते. हे जग मोठ्या प्रमाणात समलिंगी पुरुषांनीच घडवलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारसायकलवाल्या पुरुषांचे क्लब निघाले आणि चामड्याचे कपडे तिथून आले. १९८३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या अशा पुरुषांच्या एका संघटनेनं तीन अटी मांडल्या. जे करायचं ते सुरक्षित असावं, शुद्धीत असावं आणि संमतीनं असावं. पुढे काहींनी म्हटलं की पूर्ण सुरक्षित असं काही नसतं, धोका दोघांनीही समजून घेतलेला असावा. हा वाद आजही चालतो. तुझी दोन पात्रं या वादाच्या दोन बाजूंना उभी राहू शकतात.

भारतात 'किंकी कलेक्टिव्ह'सारखा गट संमतीबद्दल उघडपणे बोलत आला आहे. डॉम, सब, स्विच, लिमिट, सीन, सेफवर्ड, आफ्टरकेअर हे शब्द ही माणसं मराठी बोलतानाही असेच वापरतात. तूही तसेच वापर. डॉम म्हणजे सूत्रं हाती घेणारा, सब म्हणजे ती सोपवणारा, आणि स्विचला दोन्ही भूमिका आवडतात. लिमिट म्हणजे न ओलांडायची हद्द, सीन म्हणजे ठरवून केलेला तो खेळ, सेफवर्ड म्हणजे तो थांबवणारा शब्द. यातला कोणीही 'बायकोच्या जागी' नसतो. ती कल्पना पहिल्याच खर्ड्यातून काढून टाक.

विचारण्याचा प्रसंग जीव ओतून लिही

सीनच्या आधी ही माणसं बोलतात. काय आवडतं, काय चालत नाही, कुठं जुनं दुखणं आहे, थांबायचं झालं तर कोणता शब्द, सगळं ठरतं. बरेच जण सिग्नलचे रंग वापरतात. हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे हळू, लाल म्हणजे तिथंच थांब. तोंड बांधलेलं असेल तर हातात रुमाल किंवा किल्ली धरतात, ती खाली पडली की सगळं थांबतं. नवा लेखक हा भाग दोन ओळींत उरकतो आणि मोठ्या प्रसंगाकडे धावतो. बाबू, मोठा प्रसंग हाच आहे. आपल्याकडे जन्मभर एकत्र राहिलेली जोडपी एकमेकांना 'तुले काय आवडते?' असं एकदाही विचारत नाहीत. तुझे दोन पुरुष ते पहिल्याच संध्याकाळी विचारतात. असं काहीसं लिहून पाहा:

"तुले काय चालते, काय नाई चालत, ते पयले सांग. मले अंदाजानं काही कराचं नाई."

"डोये बांधनं मले जमनार नाई."

"बरं."

"काहून, ते नाई इचारलं तू."

"सांगावं वाटलं त सांगजो कधी. डोये नाई बांधाचे, एवढं मले पुरे."

यात कोणी कोणाला हात लावलेला नाही. तरी नकाराला कारण न मागणारा हा माणूस वाचकाच्या मनात उतरतो. पुढे कधीतरी दुसरा आपण होऊन ते कारण सांगेल, आणि तो तुझ्या कादंबरीचा खरा जवळिकीचा क्षण होईल.

संमती एकदा दिली की संपली, असंही दाखवू नको. मधेच मन फिरू शकतं. 'लाल' म्हटल्यावर दोर लगेच सुटला पाहिजे, आणि सोडणाऱ्याच्या चेहऱ्यावर नाराजी नसावी. सेफवर्ड ऐकूनही पुढे जाणारा माणूस कथेत आणायचा असेल तर जरूर आण, पण त्याला नायक करू नको, आणि त्याच्या त्या वागण्याला 'प्रेमाचा आवेग' असं गोड नाव देऊ नको. २०११ मध्ये आलेली 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' जगभर खपली, पण त्या जगातल्या पुष्कळ माणसांनी तिच्यावर हाच ठपका ठेवला. तिचा नायक पाळत ठेवतो, दबाव आणतो, आणि लेखिका त्यालाच प्रणय म्हणते.

खेळातली सत्ता आणि गावातली सत्ता वेगळी ठेव

हा कानमंत्र सगळ्यांत जपून घे. आपल्या वऱ्हाडात कोण कोणापुढे वाकतो हे जात, जमीन आणि कर्ज यांनी ठरत आलं आहे. वाड्यावरचा मुलगा आणि त्याच्याच शेतातला सालदार अशी जोडी तुझ्या डोक्यात आली, तर थांब. ज्याची वर्षाची भाकरी समोरच्याच्या हातात आहे, तो 'नाही' म्हणू शकतो का? तो 'हो' म्हणाला, तर त्या 'हो'ला वजन किती? या प्रश्नाला कादंबरीभर भिडण्याची तयारी असेल तरच ती जोडी घे. शिक्षक-विद्यार्थी, साहेब-हाताखालचा, सावकार-कुळ या जोड्यांनाही हेच लागू. दोघेही सज्ञान असणं ही तर पहिली पायरी, तिच्यावर तडजोड नाही.

जातीवरून केलेला अपमान खेळाचा मसाला म्हणून कधी वापरू नको. ज्या शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारली, ते बेडरूममध्ये आले म्हणून निर्विष होत नाहीत. एखादं पात्र तो शब्द उच्चारतं, दुसरं जागच्या जागी 'लाल' म्हणतं आणि नातं तिथंच थांबतं, असा प्रसंग मात्र फार खरा होईल.

याची दुसरी बाजूही पाहा. बाजार समितीत हर्रासाच्या वेळी पन्नास माणसांना आवाजानं गप्प करणारा अडत्या रात्री सूत्रं दुसऱ्याच्या हाती देऊन निवांत होतो, आणि सतरंजीच्या मागावर बसणारा अबोल माणूस सूत्रं हाती घेतो, हे पटण्यासारखं आहे. मात्र सकाळी बाजारात भाव ठरवताना अडत्याचाच शब्द चालेल, आणि विणकराला त्याची जाणीव असेल. ही दोन वजनं दोघांनी एकमेकांशी बोलून कशी तोलली, त्यातून तुझी निम्मी कादंबरी उभी राहील.

बालपणीची जखम शोधत बसू नको

नायकाला हे का आवडतं याचं उत्तर म्हणून लेखक लगेच मारकुटा बाप किंवा लहानपणीचा अत्याचार आणतात. वैद्यकशास्त्रानंही हा हट्ट सोडला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या पाचव्या निदानपुस्तिकेनं वेगळी आवड आणि आजार यांत स्पष्ट फरक केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात संमतीनं होणाऱ्या अशा व्यवहाराला आजारांच्या यादीत जागा नाही. २०२२ पासून ते वर्गीकरण लागू आहे. कोणाला तिखट ठेचा आवडतो, त्याची कैफियत आपण मागत नाही. तुझ्या नायकाकडेही मागू नको. त्याच्या आयुष्यात दुःख असेल तर असू दे, पण ते या आवडीचं मूळ म्हणून वापरू नको, आणि प्रेम मिळाल्यावर ही आवड 'बरी झाली' असा शेवट तर मुळीच करू नको.

हाताला माहीत असतं ते लिही

जाणकार वाचक बारीक तपशिलावरून लेखकाची पारख करतो. दोर बांधणारा माणूस कात्री हाताशी ठेवतो. बांधलेल्याच्या बोटांना मुंग्या येतात का, बोटं गार पडतात का, हे तो पुन्हा पुन्हा विचारतो, कारण दंडाजवळची किंवा मनगटाची नस दबली तर हात महिनोन्‌महिने लुळा राहू शकतो. बांधलेल्याला एकटं सोडून तो चहा आणायला जात नाही. गळ्याला फास लावत नाही. पाठीवर मूत्रपिंडांच्या जागी वार करत नाही. दारू प्यायलेला असेल तर त्या रात्री काहीच होत नाही.

ही खबरदारी आजकालची समजू नको. वात्स्यायनानं 'कामसूत्रा'त प्रहारांवर अख्खं प्रकरण लिहिलं, आणि त्याच प्रकरणात बजावलं की आवेगात भान सुटलं तर जीव जातो. दाखला म्हणून कुंतलदेशीच्या शातकर्णी सातवाहनाचं नाव घेतलं, ज्याच्या हातून राणी मलयवती अशीच गेली. जोडीदाराची ताकद आणि नाजूकपणा ओळखूनच वागावं, हे त्यानं सतराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं. 'हे परदेशातून आलेलं खूळ' म्हणणाऱ्याला तुझं एखादं वाचणारं पात्र हा दाखला देऊ शकेल.

सीन संपल्यावरचा अर्धा तास गाळू नको

आफ्टरकेअर म्हणजे नंतरची जपणूक. अंगातला जोर ओसरतो, कधी थंडी वाजते, कधी कारण नसताना रडू येतं. हे सूत्रं हाती घेणाऱ्यालाही होतं. तेव्हा पाणी देणं, पांघरूण घालणं, वळाला मलम लावणं, दुसऱ्या दिवशी फोन करून 'कसा हायस?' विचारणं, हे सगळं पानावर आण. आपल्या माणसांना 'तुझ्यावर प्रेम आहे' म्हणायला जड जातं. पण मध्यरात्री उठून पिठलं टाकणारा पुरुष वऱ्हाडातल्या वाचकाला लगेच कळतो.

अकोट खरं असू दे

सातपुड्याचा पायथा, नरनाळ्याकडे जाणारा रस्ता, नरसिंग महाराजांचं मंदिर, सतरंज्यांचे माग, कापसाच्या गाड्या, खालच्या अंगाला खारपाणपट्टा आणि मे महिन्यातलं पेटलेलं ऊन हे सगळं तुझ्याकडे आहे. पण त्याचं वर्णन करत बसू नको, त्यातून अडचणी काढ. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत दोन पुरुष मोकळं बोलणार कुठं? उन्हाळ्यात अख्खी आळी गच्चीवर झोपते, तेव्हा फोन कुठं घेणार? मनगटावरची खूण बापानं पाहिली तर काय सांगणार? लॉजवर ओळखपत्र देताना हात का थरथरतो? अॅपवरची ओळख खोटी निघून लुबाडलं जाण्याची भीती खेड्यातल्या मुलाला जास्त असते, कारण तक्रार करायला गेलं की नाव फुटतं.

तालुक्याच्या गावात या माणसांची उघड बैठक भरायची नाही. म्हणून नायकाला अकोल्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला जाऊ दे. तिथं साध्या कपड्यांत, कॅफेत, चहा-कॉफीवर ओळखी होतात. त्यानं डोक्यात काळी तळघरं रंगवलेली असतात, आणि समोर बँकेतला कारकून, डिझायनर, प्राध्यापक असे लोक मोडी लिपीपासून क्रिकेटपर्यंत गप्पा मारताना दिसतात. त्याचं ते हायसं वाटणं नीट लिही.

जवळिकीची भाषा घडवावी लागेल

शरीराबद्दल लिहिताना मराठी लेखकाची पंचाईत होते. एकीकडे वैद्यकाचे संस्कृत शब्द आणि दुसरीकडे शिव्या. दोन्ही टाळून हालचाल, श्वास, आवाज आणि बोलणं यांतून लिही. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग'मध्ये वऱ्हाडी बोलीत घरातलं दुःख किती खोल नेलं ते पाहा. तीच बोली प्रेमालाही पुरते. किती दाखवायचं आणि दार कुठं लोटायचं हे ठरवण्यासाठी जुन्या संपादकांची एक कसोटी आहे. त्या ओळीनंतर पात्राबद्दल नवं काही कळतं का? कळत असेल तर ठेव. नुसता वाचक गरम होत असेल तर काढ.

माणसांना साहित्य समजू नको

माहिती घ्यायला जाशील तेव्हा पहिल्या मिनिटाला सांग की मी लेखक आहे. फोन खिशात ठेव. कोणाचं नाव, नोकरी, गाव, अंगावरचा तीळसुद्धा कादंबरीत जाता कामा नये, कारण आपल्याकडे एवढ्यावरून माणूस ओळखला जातो आणि त्याचं घर मोडतं. खर्डा झाला की समलिंगी आणि बीडीएसएम जगणाऱ्या दोघातिघांना वाचायला दे. त्यांनी 'हे असं नसतं' म्हटलं तर वाद घालू नको, दुरुस्त कर. त्यांच्या वेळेचे पैसे देता आले तर दे.

कायद्याची भीती नको, माहिती ठेव

१९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. लेखक चंद्रकांत काकोडकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये सुटले. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यानंतर न्यायालयं अश्लीलता समकालीन समाजाच्या दृष्टीनं आणि एकूण संदर्भ धरून पाहतात. तेव्हा तुझ्या प्रत्येक प्रसंगाला कथेत जागा असू दे. मुखपृष्ठावर सज्ञान वाचकांसाठी असल्याची सूचना छाप, आणि प्रकाशकाच्या वकिलाला खर्डा वाचायला दे.

संमतीनं झालेल्या इजेबद्दलही जाणून घे. मृत्यू किंवा गंभीर दुखापत व्हावी असा हेतू नसेल, तसा संभव ठाऊक नसेल आणि अठरा वर्षांवरच्या माणसाची संमती असेल, तर तो गुन्हा ठरत नाही, असं जुन्या दंड संहितेचं कलम ८७ सांगत होतं. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या न्याय संहितेतही ही तरतूद आहे. इंग्लंडमध्ये मात्र १९९३ च्या ब्राउन खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं संमती असूनही समलिंगी पुरुषांची शिक्षा कायम केली. तुझ्या पात्रांपैकी एखादा वकील असेल, तर त्याच्या रात्रीच्या गप्पांत हे शोभेल.

दोघांना जगव

'मित्राची गोष्ट'पासून आपल्या अशा बहुतेक कथांत कोणी मरतं, कोणी पळून जातं, कोणी गुपचूप बोहल्यावर चढतं. ते दुःख खरं होतं, म्हणून ते लिहिणारे चुकले नाहीत. पण तू प्रेमकथा लिहितोयस, आणि प्रेमकथेचा वाचक दोघांना एकत्र पाहण्यासाठी पानं उलटतो. लग्नाची नोंद नसेल, आईचा रुसवा गेलेला नसेल, तरी भाड्याच्या दोन खोल्या, एकत्र भरलेलं किराण्याचं बिल आणि भांडणानंतरचं बोलणं एवढं त्यांना मिळू दे.

आता कामाला लाग. पहिलं प्रकरण आज लिहू नको. आधी त्या दोघांचं पहिलं बोलणं लिही, तीन-चार पानांचं, ज्यात कोणी कोणाला हात लावत नाही, फक्त विचारतात आणि ऐकतात. ती पानं मला आणून दे. ती वाचून हे दोघं पुन्हा भेटावेत असं मला वाटलं, तर बाकीची कादंबरी खुशाल सुरू कर. नाही वाटलं, तर तीच पानं पुन्हा लिही.

तुझा,
काका